खुलासा : १९३३ आधीही मराठी रंगभूमीवर बायका होत्या

ठाण्यातल्या नाट्यरसिकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘१९३३ च्या “आंधळ्यांची शाळा” या नाटकाआधी मराठी रंगभूमीवर एकही स्त्री नव्हती, कमलाबाई गोखले फक्त मूकपटातली नटी.’ दोन्ही विधानं चुकीची आहेत.

कमलाबाईंची आई दुर्गाबाई कामत. नवऱ्यापासून वेगळं झाल्यावर लहान मुलीला घेऊन त्या नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरल्या. कमलाबाई त्या बिऱ्हाडातच वाढल्या, पोरवयातच रंगमंचावर उभ्या राहिल्या. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या मूकपटात त्या मोहिनी आणि दुर्गाबाई पार्वती झाल्या, ते नाटकाच्या अनुभवावरच. पुढे पती रघुनाथराव गोखल्यांच्या चित्ताकर्षक नाटक मंडळीत कमलाबाईंनी कामं केली; त्यांनी रंगमंचावर पुरुषपार्टही केले. नटांनी लुगडं नेसायच्या काळात ही बाई पुरुषवेशात उभी राहत होती! चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू.

बेळगावकर स्त्री संगीत नाटक मंडळीसारख्या निव्वळ बायकांच्या कंपन्याही होत्या. गायिका हिराबाई बडोदेकरही १९३३ आधीच संगीत नाटकात उतरल्या होत्या.

मेसेजमागे थोडं तथ्य आहे. मोठ्या कंपन्यांत स्त्रीभूमिका पुरुषच करत; ज्यांच्या नावाने ठाण्यातलं आपलं रंगायतन आहे त्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तली सिंधूही बालगंधर्वांनीच रंगवली. नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक यांना स्त्रीभूमिका दिल्या, हे मोठं पाऊल होतंच. पण त्यासाठी दुर्गाबाई-कमलाबाईंना पुसून टाकू नका. मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.