पावसाळ्यात रात्री लेकरू पोट धरून उठलं तर आधी मण्यार आठवा

पाऊस लागला की यवतमाळपासून गडचिरोलीपर्यंत दवाखान्यांत एक ठरावीक केस येते, आणि बहुतेक वेळा उशिरा येते. पोरगं खाली सतरंजीवर झोपलेलं असतं. मध्यरात्रीनंतर उठतं आणि म्हणतं, "माय, पोट लय दुखून राह्यलं." एखादी उलटी होते. घरात ओवा दिला जातो, बेंबीला हिंग लावला जातो, सकाळी डॉक्टरकडे नेऊ असं ठरतं. अंगावर रक्त नाही, सूज नाही, साप कोणी पाहिलेला नाही. उजाडल्यावर पोराचे डोळे उघडत नाहीत. रात्रभर जागलं म्हणून झोप येते आहे, असं घरच्यांना वाटतं. तोवर विष पापण्यांपर्यंत पोचलेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. जून ते ऑक्टोबर या दिवसांत जमिनीवर झोपलेलं लेकरू रात्री अचानक पोटदुखी, उलटी किंवा घसादुखीने उठलं, तर डॉक्टर नाही म्हणेपर्यंत तो सर्पदंशच समजा. खूण शोधत बसू नका.

खूण सापडत नाही याला कारण आहे. मण्यार सापाचे दात बारीक असतात. चावल्याची जागा डास चावल्यासारखी दिसते, कधी दिसतच नाही. घोणस, म्हणजे आपली परड, चावली तर पाय सुजतो, आग होते, घरभर आरडाओरडा होतो. मण्यारचं विष मांसावर नाही, नसा जिथे स्नायूंना मिळतात त्या टोकांवर काम करतं. म्हणून आग नाही, सूज नाही, कित्येकदा लेकरू दंशाने जागंही होत नाही. हा साप दिवसा मलूल असतो आणि रात्री उंदीर, पाली, दुसरे साप खायला फिरतो. मातीच्या भिंतीतली भोकं, छपरीला लागून रचलेल्या पऱ्हाट्या, गोवऱ्यांचा ढीग, यांतून तो घरात शिरतो. झोपेत लेकराने कूस बदलली, साप अंगाखाली आला, की चावतो.

"कवड्या होता, बिनविषारी असते," असं सांगून कितीतरी लेकरं घरी ठेवली जातात. कवड्याचे पांढरे पट्टे मानेपासूनच ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारचे पट्टे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात, बऱ्याचदा जोडीजोडीने असतात आणि शेपटीकडे ठळक होतात. पण रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात हा फरक ओळखायची जबाबदारी कोणत्याही आईबापाने घेऊ नये. साप मारून दवाखान्यात आणायचीही गरज नाही. उपचार लक्षणांवरून होतात, आणि साप मारायच्या नादात दुसऱ्याला चावतो. दुरून फोटो निघाला तर ठीक, नाहीतर सोडून द्या.

घरी बघायचं ते इतकंच. पोराला बसतं करा, डोकं हलू न देता बोट किंवा बॅटरी कपाळाच्या वर धरा आणि म्हणा, वर बघ. चांगल्या लेकराची पापणी बुबुळासोबत वर जाते. विष चढत असेल तर पापणी अर्ध्यावर अडकते आणि ते वर बघायला कपाळाला आठ्या घालतं, हनुवटी वर करतं. मग जीभ बाहेर काढायला सांगा, एका श्वासात दहापर्यंत आकडे म्हणायला सांगा. आवाज नाकातून येतो, तोंडातून लाळ गळते, एकाचे दोन दिसतात, मान टाकतं, ही पुढची लक्षणं. अशक्तपणा वरून खाली उतरतो: आधी डोळे, मग घसा, मान, आणि शेवटी छातीचे स्नायू. जीव जातो तो श्वास थांबून. यातलं एकही लक्षण नसलं तरी घरी थांबायचं नाही, कारण लक्षणं यायला कधी कधी बारा तास किंवा जास्तही लागतात. दंशाचा संशय असेल तर लेकरू 24 तास दवाखान्यात नजरेखाली हवं.

आता जे करायचं नाही. कडुनिंबाचा पाला आणि मिरची चावायला देऊन चव लागते का बघणं बंद करा. गिळायचे स्नायू कमजोर झालेले असतात. पाला, दूध, पाणी, ओवा, काहीही असो, ते फुफ्फुसात जातं. ब्लेडने चिरू नका, चोखू नका. दोरी बांधू नका. मण्यारचं विष तिने थांबत नाही आणि पाय मात्र काळा पडतो. कोणी आधीच बांधली असेल तर रस्त्यात एकदम सोडू नका, दवाखान्यात डॉक्टरसमोर सोडा. मारुतीच्या देवळात नेऊन ठेवणं, भगताकडून उतरवून घेणं, यात सगळ्यात मौल्यवान दोन-तीन तास जातात. भगताचा गुण येतो असं वाटतं, कारण चावणारे बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडत नाही. ती लेकरं तशीही वाचली असती. मला भगताचा राग नाही. उलट भगतच "आधी दवाखान्यात जा, मग माझ्याकडे या" म्हणाला, तर गाव त्याचं सगळ्यांत आधी ऐकतं. आशाताईंनी त्यांच्याशी बोलून ठेवावं.

108 ला फोन करा, पण गाडीला वेळ लागणार असं कळलं तर मोटारसायकल काढा. दंश हाताला-पायाला असेल तर तो लाकडी पट्टीला कापडाने सैल बांधा, चालू देऊ नका. मोटारसायकलवर लेकरू दोन मोठ्यांच्या मध्ये बसवा आणि मागच्याने त्याची हनुवटी हाताने वर धरून ठेवा. मान छातीवर पडली की श्वासनळी दबते. गाडीत आडवं नेत असाल तर डाव्या कुशीवर, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर पडते. श्वास थांबला तर नाक चिमटीत धरून, मान जराशी मागे करून, तोंडाने श्वास द्या, छाती उचलेल इतकाच, साधारण दर तीन सेकंदांना एक. हे दवाखान्याच्या दारापर्यंत चालू ठेवायचं. हे काम गावातल्या चार माणसांना तरी आलंच पाहिजे.

जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आधी गाठा. सापाची लस, म्हणजे विषावरच्या उताऱ्याचं औषध, सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि ती नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालते. निघतानाच फोन करून तीन गोष्टी विचारा: लस आहे का, डॉक्टर आहेत का, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आहे का. तिथे काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. रक्त गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाचं विष. इथेच एक घात होतो. मण्यारच्या दंशात रक्त नीट गोठतं, आणि "टेस्ट चांगली आली" म्हणून लेकरू घरी पाठवलं जातं. पापण्या बघितल्याशिवाय घरी जायचं नाही, असं आईबापांनी ठामपणे म्हणावं.

विषाची लक्षणं असतील तर सुरुवातीला लसीच्या 8 ते 10 कुप्या सलाईनमधून देतात. लेकराला डोस कमी नसतो. सापाने मोठ्या माणसात सोडलं असतं तेवढंच विष त्यानं पोरात सोडलेलं असतं. कमी होतं ते फक्त सलाईनचं पाणी. "एवढ्याशा जिवाला दहा बाटल्या कशाला" म्हणून नातेवाइकांनी हात धरू नये. लस देताना खाज, गांध्या, थंडी वाजणं, उलटी होऊ शकते. त्यावर ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन असतं आणि ते शेजारी भरून ठेवलेलं असायला हवं.

रिअ‍ॅक्शनच्या भीतीने लस न देताच पुढे पाठवणं मला सगळ्यांत जास्त खटकतं. वणी, धारणी, एटापल्ली, कुठूनही मोठं हॉस्पिटल दूर आहे. ज्या नसांची टोकं विषाने निकामी झाली, त्यांना लस परत जिवंत करत नाही; अजून मोकळं फिरणारं विष तेवढं ती अडवते. म्हणून पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातच सुरू व्हावा, आणि लेकरासोबत अंबू बॅग चालवता येणारं माणूस गाडीत असावं. चिठ्ठीवर दंशाची अंदाजे वेळ, पहिलं लक्षण कधी दिसलं, किती कुप्या दिल्या, हे लिहून घ्या.

व्हेंटिलेटरवर गेलेलं लेकरू पाहून घरचे खचतात. डोळे मिटलेले, हात उचलत नाही, बाहुल्या उजेडालाही हलत नाहीत. मण्यारच्या दंशात हे सगळं स्नायू सुटल्यामुळे होऊ शकतं. मेंदू शाबूत असतो आणि लेकराला आवाज ऐकू येत असतो. नवी टोकं तयार व्हायला दिवस लागतात, कधी आठवडाही. तोवर यंत्राने श्वास चालू ठेवला तर बहुतेक लेकरं पूर्ण बरी होतात. "काही उरलं नाही, घरी नेतो" असं कोणी सुचवलं तर नेऊ नका. कानाशी जाऊन त्याच्या नावाने बोला.

घरी लेकरांना बाजेवर झोपवा, मच्छरदाणी लावा आणि तिची कड चारही बाजूंनी गादीखाली खोचा. नुसती लोंबती मच्छरदाणी कामाची नाही. बाज नसेल तर खाली अंथरलेल्या गादीवरही खोचलेली मच्छरदाणी साप अडवते. पऱ्हाट्या भिंतीपासून लांब रचा, भोकं बुजवा, धान्य कोठीत ठेवा म्हणजे उंदीर येत नाहीत. घराभोवती कार्बोलिक ॲसिड शिंपडू नका. त्यावर साप थांबेल याचा भरवसा नाही, आणि पोरांची कातडी मात्र जळते.

दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर एक-दोन आठवड्यांत ताप, सांधेदुखी किंवा अंगावर खाज आली तर तो लसीचा उशिरा येणारा त्रास असू शकतो. सुट्टीचा कागद घेऊन परत जा, गोळ्यांनी तो बरा होतो.