लाखावरची गाडी आणि फॉरवर्डमधले मिस्त्री

पंधरा दिवसांत एकच मेसेज तीन ग्रुपवर आला. ‘जुनी गाडी घेताय? हे वाचाच!’ मजकूर थोडक्यात असा: रनिंग लाख किलोमीटरच्या वर असेल तर गाडीला हात लावू नका. इंजिनचा आवाज नसेल तर काही बदलायला नको. घेतल्याबरोबर इंजिन फ्लश करून, म्हणजे द्रावणाने आतून धुऊन, जाड ऑइल टाका. टायरला नक्षी आहे म्हणजे टायर चांगले. रेडिएटरमध्ये घालायचं कूलंट ही लूट आहे, नळाचं पाणी पुरतं. तिसऱ्यांदा तो धाकट्या मेव्हण्याने पाठवला, खाली ‘दाजी, बरोबर आहे ना?’ विचारून. तो २०१२ची डिझेल इनोव्हा बघून आला होता, २ लाख १० हजार फिरलेली. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी लाखाचं. मीटर फक्त अंतर मोजतं. रोज पुणे-सातारा करणारी गाडी तासभर टॉप गिअरमध्ये असते, क्लचवर पाय क्वचित पडतो. सिंहगड रोडच्या सिग्नलांवर रांगत ६० हजार झालेल्या गाडीचे क्लच आणि ब्रेक तिच्याआधी झिजून बदलायला येतात. आणि ‘लाखाच्या आतलीच हवी’ या हट्टापायीच मीटर मागे फिरवायचा धंदा चालतो. डिजिटल मीटरही मागे जातं. मीटर म्हणतंय ७८ हजार, पण ब्रेक पेडलचं रबर झिजून गुळगुळीत, स्टिअरिंग चकचकीत आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बसलेली, तर पेडलवर विश्वास ठेवा. प्रत्येक सर्व्हिसच्या जॉब कार्डावर किलोमीटर लिहिलेले असतात, ते तारखेनुसार चढत गेलेत का बघा. सगळी कार्डं असलेली २ लाख किलोमीटर फिरलेली गाडी मी डोळे झाकून नाही, पण आनंदाने बघायला जाईन.

‘आवाज नाही म्हणजे काही बदलायला नको’ हा मुद्दा सगळ्यात महागात पडणारा. माझ्या आधीच्या गाडीचा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा, खंबाटकी घाटात तुटला. आदल्या रात्रीपर्यंत इंजिन लोण्यासारखं चालत होतं. ना खडखड, ना धूर. चढावर एकदम बंद. बहुतेक इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवावं लागतं. बेल्ट रबराचा, तो बोलत नाही.

म्हणून गाडी बघायच्या आधी विचारायचं, हिला टायमिंगची चेन आहे की बेल्ट? स्विफ्टच्या १.३ लिटर डिझेलला चेन आहे. ती ताणली असेल तर सकाळच्या थंड स्टार्टला खडखडते, म्हणून इंजिन गरम करून ठेवलेली गाडी बघू नये. रेनॉ डस्टरच्या दीड लिटर डिझेलला बेल्ट, आणि वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो. दोन्ही एकदम बदलावे, नाहीतर तेच काम दोनदा उघडायचं. जुन्या अडीच लिटर डिझेल इनोव्हालाही बेल्टच. इनोव्हाच्या पुढच्या मॉडेलच्या, क्रिस्टाच्या डिझेलला चेन आली. इनोव्हात बेल्टची वेळ झाली की डॅशबोर्डवर दिवा लागतो खरा, पण बेल्टला हात न लावता तो विझवताही येतो. दिवा विझलेला दाखवला तर मान डोलवायची आणि बिल मागायचं. बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरायचं आणि तो खर्च किमतीतून कापून घ्यायचा.

जाड ऑइल आणि फ्लश. जाड ऑइलने आवाज दबतो, झीज भरून निघत नाही. विकणारेही म्हणूनच ते टाकतात. वर्षानुवर्षं साचलेला चिखल फ्लशने सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकला, तर प्रेशर गेलंच. पुस्तिकेतल्या ग्रेडचं ऑइल टाका, पुढचं एकदा लवकर बदला, झालं. डिझेलचं नवं ऑइल लगेच काळं होतं, त्याला घाबरू नका. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडल्यावर भकाभक धूर आला, तर मात्र घाबरा.

टायरची नक्षी नव्हे, तारीख बघा. बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. उभ्या गाडीचे टायरही म्हातारे होतात.

नळाच्या, त्यातही बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात, आतून गंज येतो, वॉटर पंप खराब होतो. थंड गाडीचं रेडिएटर उघडून आत बोट फिरवा. बोटाला तांबडा गंज लागला तर पाण्यावर दिवस काढलेत. ब्रेक ऑइलचं तर मेसेजमध्ये नावच नाही. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि मग घाट उतरताना उकळू शकतं. कधी बदललं ठाऊक नसेल, तर पहिल्या आठवड्यात बदला.

मेसेजात नसलेली आणखी एक गोष्ट: पूर. ऑगस्ट २०१९ला कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ला चिपळुणात पाण्याखाली गेलेल्या गाड्या सगळ्याच भंगारात गेल्या असतील असं मला वाटत नाही. सीट कव्हर नवीन बसतं, पण सीटबेल्ट सहसा कुणी बदलत नाही. तो शेवटपर्यंत ओढून चिखलाचे डाग आहेत का बघायचं.

रविवारी मेव्हण्याबरोबर जाऊन आम्ही इनोव्हाचे एकूणएक सीटबेल्ट ओढले. सगळे कोरे. टायमिंग बेल्टचं बिल निघालं, पण १ लाख २ हजारावरचं, म्हणजे दुसऱ्यांदा बदलायची वेळ झालेली. मालकाने चहा मागवला आणि बेल्ट व तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरचे पैसे कमी केले. पुढच्या सस्पेन्शनमधल्या लोअर आर्मच्या रबरी बुशांवर मात्र अजून घासाघीस चालू आहे.