फिल्टर आधी भरायचा, पण कुठल्या भोकातून?

गाडीच्या इंजिनचं ऑइल बदलण्यावरच्या लेखात 'नवा ऑइल फिल्टर (ऑइल गाळणारा डबा) ऑइलने भरूनच बसवा' असं सरसकट सांगितलंय, पण महत्त्वाची गोष्ट राहिली. मधलं आट्यांचं मोठं भोक ही स्वच्छ ऑइल बाहेर पडायची वाट आहे. तिथून ओतलेलं ऑइल फिल्टरमधल्या कागदातून गाळलं न जाता थेट इंजिनच्या बेअरिंगकडे (फिरत्या भागांच्या आधारांकडे) जातं. कॅनच्या तोंडाचा किंवा नरसाळ्यातला कचराही सोबत. म्हणून कडेच्या बारीक भोकांतून हळूहळू ओता. आत रबरी पडदा असतो, घाई केली की ऑइल वर येतं. कागद ऑइल पितो, पातळी उतरली की पुन्हा थोडं घाला.

हे फक्त तोंड वर करून बसणाऱ्या फिल्टरसाठी. आडव्याला अर्ध्यापर्यंत, उलट्या बसणाऱ्याला अजिबात नको, सगळं सांडेल. तेव्हा कोरडाच लावा आणि ऑइलचा दिवा विझेपर्यंत ॲक्सिलरेटरला हात-पाय लावू नका. टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा वेगवान पंखा) असेल तर ही काळजी दुप्पट.

जुनं रबरी वॉशर इंजिनला चिकटून राहिलं नाही ना, बोट फिरवून बघाच! दोन वॉशर एकावर एक आले की सगळं ऑइल बाहेर फेकलं जातं. नव्याला ऑइल चोळा, फिल्टर टेकल्यावर हातानेच साधारण पाऊण फेरा आवळा. शेवटी इंजिन बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा.