"काका, कागद कशाला?"

बाबांनी मागच्या उन्हाळ्यात गावातल्या सिमेंटच्या रस्त्याचं अंदाजपत्रक आणि एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका, माहिती अधिकारात मागितली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला, सोमवारी अर्ज देऊन पोच घेतली. बुधवारी कंत्राटदाराचा फोन आला. "काका, रस्त्याचं काही असलं तर मला सांगायचं ना. कागद कशाला?" धमकी वगैरे नव्हती, आवाज अगदी घरच्या माणसाचा. उत्तर द्यायला कायद्याने तीस दिवस दिले आहेत. अर्जदाराचं नाव दोन दिवसांत जिथे जायचं तिथे गेलं होतं.

मी नऊ वर्षं स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला राहतो. आमच्या शेजारच्या निवृत्त बाईंना एकदा वाटलं, की बागेतल्या नव्या झोपाळ्यांवर नगरपालिकेने फारच पैसे उधळले. त्यांनी चहा पिता पिता दोन ओळींचा ईमेल केला, खाली नावसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी बिलं आली. "त्यांनी विचारलं नाही, तुम्ही कोण?" या माझ्या प्रश्नाचा त्यांना अर्थच लागेना. इथे कागद मागणाऱ्याला तू कोण, कशाला हवंय, असं सहसा विचारताच येत नाही. हा कारभार १७६६ च्या कायद्यापासूनचा आहे, तेव्हा आपल्याकडे थोरले माधवराव पेशवे होते. त्याहून मला भारी वाटते ती पुढची गोष्ट: सरकारी कर्मचाऱ्याने पेपरवाल्याला काही सांगितलं, तर ते कुणी सांगितलं याचा शोध घेणं हाच साहेबाचा गुन्हा ठरतो. आपल्याकडे आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना, म्हणजे जागल्यांना, संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण तो लागू करायचं अजून राहूनच गेलंय.

शाळेच्या ग्रुपवर मी हे लिहिलं, की ठरलेली दोन उत्तरं येतात. एक, "तिकडे बसून बोलायला काय जातंय तुझं?" हे मला मान्य आहे, माझं काहीच जात नाही. दुसरं, "आपली माणसंच तशी." हे मात्र मान्य नाही. स्वीडिश माणूस जन्मतः धुतल्या तांदळासारखा नसतो. इथल्या टेलिया या टेलिकॉम कंपनीने उझबेकिस्तानात शिरकाव करायला लाच चारली आणि २०१७ मध्ये सुमारे ९६.५ कोटी डॉलरवर तडजोड केली. स्वीडिश सरकारचा मोठा हिस्सा असलेली कंपनी, बरं का. १९९५ मध्ये उपपंतप्रधान मोना सालीन यांनी सरकारी कार्डावर खासगी खरेदी केल्याचं बाहेर आलं, त्यात टॉब्लरोन चॉकलेटही होतं. पंतप्रधानपद हाताशी आलेलं गेलं. बाई पुढे २००७ मध्ये पक्षाध्यक्ष झाल्याच, तो भाग वेगळा. घरातली चोरी पकडली जाते ती कागद उघडा असतो म्हणून. ताश्कंदमध्ये तसा कागद नव्हता.

आणि कायदा आपलाही काही लंगडा नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात स्पष्ट लिहिलंय, की अर्जदाराला कारण विचारायचं नाही, संपर्कापुरता तपशील सोडून खासगी काही मागायचं नाही. त्याच्याही आधी, १९९४ मध्ये राजस्थानच्या कोट किराना गावात मजूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावणी घेतली. हजेरीपटावरची नावं मोठ्याने वाचली आणि लोक उठून सांगू लागले, हा माणूस कामावर आलाच नव्हता. पुणे महापालिकेत सोमवारी ३ ते ५ फायली पाहायची सोय झाली; २०१८ मध्ये राज्याने तसंच परिपत्रक इतर कार्यालयांसाठी काढलं. पोत्याने उदाहरणं आहेत.

मला खटकतं ते आपलं कौतुक. एखादा विचारतो, आपण त्याला 'लढवय्या' म्हणतो, हार घालतो आणि घरी जातो. तळेगावच्या सतीश शेट्टींनी जमिनीचे व्यवहार एकट्याने खणले. जानेवारी २०१० मध्ये सकाळी फिरायला निघालेले असताना त्यांना मारलं. दुसरीकडे 'आरटीआयवाला' हा शब्द आता शिवीसारखा वापरतात, कारण काहीजण अर्ज टाकून तोडपाणी करतात. करतात, खोटं कशाला बोला. पण कागद दडवलेला असतो म्हणून त्याला भाव येतो. माहिती स्वतःहून जाहीर करायला सांगणाऱ्या कलम ४ प्रमाणे ती एमबी ग्रामपंचायतीच्या फलकावर आधीच लावली असती, तर खंडणी मागणारा काय विकणार होता? उलट २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहितीच्या नावाखाली नकार देणं आणखी सोपं केलंय.

बाबांना उत्तर आलं एकोणतिसाव्या दिवशी: माहिती विस्तृत स्वरूपाची आहे. ते अपिलात गेले. शिवाय भजनी मंडळातले सहाजण जमवले. प्रत्येकाने आपल्या नावाने, एकाच दिवशी, तोच अर्ज करायचा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सगळ्यांनी एकत्र बसायचं. परवा मी विचारलं, भीती नाही वाटत का?

"आता त्याला सहा फोन करावे लागतील," बाबा म्हणाले. "आणि तू स्टॅम्पचे साठ रुपये पाठव. मंडळाच्या पेटीतनं घेतलेत."