'लेस-फ्युअर' राहू द्या, आधी 'पर्यंत' बघा

'इंग्रजीतल्या नेहमीच्या चुका' म्हणून व्हॉट्सॲपवर जे रंगीत तक्ते फिरतात, त्यात 'लेस' आणि 'फ्युअर'चा मान ठरलेला. मोजता येतं त्याला 'फ्युअर', येत नाही त्याला 'लेस'. माझं स्पष्ट मत: हे इंग्रजांचं घरचं भांडण आहे, आपण त्यात पडू नये. 1770 साली इंग्रजी भाषेवर लिहिणाऱ्या रॉबर्ट बेकर यांनी 'नो लेस दॅन अ हंड्रेड'पेक्षा 'नो फ्युअर दॅन अ हंड्रेड' आपल्याला जास्त डौलदार आणि योग्य वाटतं, असं लिहिलं. पुढच्यांनी त्या आवडीचा कायदा करून टाकला. त्याआधी कित्येक शतकं लोक मोजत्या वस्तूंनाही 'लेस' लावतच होते. ब्रिटनमध्ये टेस्को या सुपरमार्केटच्या दुकानांत कमी सामानवाल्यांच्या रांगेला 'टेन आयटम्स ऑर लेस' अशी पाटी असायची. तिच्यावरून कुरकुर होत राहिली, शेवटी 2008 मध्ये त्यांनी 'अप टू टेन आयटम्स' लिहून विषय मिटवला. पण जुन्या पाटीचा अर्थ कुणाला कळला नव्हता असं थोडंच आहे?

अर्थाचा घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी, आणि तिथे आपली मराठी आडवी येते. 'शुक्रवारपर्यंत रिपोर्ट देतो' आणि 'शुक्रवारपर्यंत पुण्यात आहे', दोन्हीकडे 'पर्यंत'च. इंग्रजीत मात्र मुदतीच्या आत एकदा उरकायचं काम असेल तर 'बाय', आणि तोवर चालूच राहणारी गोष्ट असेल तर 'टिल'. 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे' असं परदेशी क्लायंटला लिहिलं, की तो बापडा विचारात पडतो: हे लोक शुक्रवारपर्यंत रोज एक रिपोर्ट पाठवणार की काय!

'पासून'चंही तेच. 'दोन वर्षांपासून इथे आहे', '2019 पासून इथे आहे'. आपण दोन्हीकडे 'सिन्स' ठोकून देतो. खरं तर 2019 ही सुरुवात, म्हणून तिथे 'सिन्स'. दोन वर्षं हा कालावधी, म्हणून तिथे 'फॉर'. शाळेत 'पॉइंट ऑफ टाइम, पीरियड ऑफ टाइम' घोकून घेतात, पण चुकीचं मूळ 'पासून'मध्ये आहे हे कुणी सांगत नाही. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवायच्या हट्टापायी मराठी वर्गाबाहेर उभी.

गंमत म्हणजे, जिथे इंग्रजी जोड्या जुळ्या दिसतात तिथे हीच मराठी मदतीला धावते. 'आय यूज्ड टू ड्राइव्ह अ ट्रक' म्हणजे चालवायचो, आता नाही. 'आय ॲम यूज्ड टू ड्रायव्हिंग अ ट्रक' म्हणजे सवय आहे. 'यू मस्ट नॉट कम' म्हणजे यायचं नाही, 'यू डोंट हॅव टू कम' म्हणजे यायची गरज नाही, आलात तरी हरकत नाही. आणि 'अ फ्यू पीपल केम', 'फ्यू पीपल केम'? पहिल्यात काही जण आले, दुसऱ्यात मोजकेच आले. आपला तो 'च' इंग्रजीत 'अ' गाळून येतो! कार्यक्रम झाल्यावर आयोजकाला मेल लिहिताना एवढ्याशा 'अ'वरून तो खूश होईल की खट्टू, ते ठरतं. मराठी वाक्य आधी मनात नीट जुळवलं, की यातलं बरंचसं आपोआप सुटतं.

एक जागा मात्र दोन्ही भाषांत अडते. 'ऑन लीव्ह टिल मंडे' म्हणजे सोमवारी माणूस जागेवर भेटणार की नाही? 'सोमवारपर्यंत रजेवर' म्हटलं तरी तीच पंचाईत. तिथे व्याकरणाच्या नादी लागू नका, सरळ 'बॅक ऑन ट्यूजडे' लिहा आणि सुटीवर जा.