बटण दिसतंय, दबत का नाही?

ब्राउझरच्या स्वयंचलित टेस्ट लिहिणाऱ्याच्या आयुष्यात सुख एकच, ते म्हणजे टेस्ट पास झाल्याची हिरवी खूण. ती कशी मिळवली, हे मात्र मला कुणी विचारू नये.

साधं 'सबमिट'चं बटण घ्या. माणूस ते दाबतो तेव्हा पॉइंटरडाउन, माउसडाउन, पॉइंटरअप, माउसअप आणि शेवटी क्लिक, असे इव्हेंट, म्हणजे पानाला मिळणारे इशारे, ओळीने सुटतात. सेलेनियमचा, म्हणजे टेस्टसाठी ब्राउझर चालवणाऱ्या साधनाचा, सरळ क्लिकही हा क्रम इमानाने पाळतो. पण त्याआधी तो बटणाचा मध्यबिंदू काढतो, आणि तिथे कुकीची पट्टी किंवा चिकट हेडर बसला असेल तर 'एलिमेंट क्लिक इंटरसेप्टेड', म्हणजे मध्येच कुणीतरी आडवं आलं, म्हणून हात वर करतो. 'एलिमेंट टू बी क्लिकेबल' या सेलेनियमच्या तयार अटीची वाट पाहूनही हेच. अटीचं नाव भारदस्त, पण ती बघते एवढंच, की बटण दिसतंय का आणि चालू आहे का. वर कोण ठाण मांडून बसलंय, ही चौकशी तिच्या अखत्यारीत येत नाही.

अशा वेळी कुणीतरी रामबाण सुचवतो, 'जावास्क्रिप्टनेच क्लिक कर ना!' टेस्ट लगेच हिरवी. माझ्या मते ही शुद्ध लबाडी आहे. या क्लिकमागे माउसडाउन नसतो, इव्हेंटचं 'इझट्रस्टेड' (तो खरा आहे की स्क्रिप्टने सोडलेला, हे सांगणारी खूण) फॉल्स असतं, आणि वरची पट्टी त्याला आडवी येतच नाही. म्हणजे ग्राहकाला जे बटण दाबता येत नाही, ते टेस्टला खुशाल दाबता येतं. आणि माउसडाउनवर उघडणारा ड्रॉपडाउन या क्लिकला ढिम्म हलत नाही, ते वेगळंच. त्यापेक्षा आधी पट्टी बंद करावी, ती गेल्याची खात्री करावी आणि मग सरळ क्लिक करावा.

वेबपानं बांधायच्या रिअ‍ॅक्ट या लायब्ररीची तऱ्हा न्यारी. स्क्रिप्टने इनपुटची व्हॅल्यू बदलून इनपुट इव्हेंट सोडला, की पडद्यावर नवं नाव दिसतं आणि फॉर्म म्हणतो, 'नाव भरा.' कारण रिअ‍ॅक्टने त्या घटकाच्या व्हॅल्यू सेटरवर, म्हणजे व्हॅल्यू बदलणाऱ्या फंक्शनवर, आपला पहारेकरी बसवलेला असतो. त्याने बदल आधीच टिपलेला असतो, म्हणून मागून आलेल्या इव्हेंटमध्ये त्याला नवं काही दिसत नाही आणि बदलाची दखल घेणारं ऑनचेंज चालतच नाही. एचटीएमएलइनपुटएलिमेंटच्या प्रोटोटाइपवरचा, म्हणजे ब्राउझरचा स्वतःचा, मूळ सेटर वापरून बबल्स ट्रू असलेला (वरच्या घटकांपर्यंत पोचणारा) इनपुट इव्हेंट सोडला तर काम होतं. सेंड कीज, म्हणजे सेलेनियमची टाइप करायची आज्ञा, वापरलं तर एवढा खटाटोपही लागत नाही. सेलेनियमच्या 'क्लिअर'ने रिकामा केलेला रकाना जुन्या मजकुरासकट परत आला, तर कंट्रोल-ए आणि बॅकस्पेस.

सर्वात छळवादी प्रकार हायड्रेशनचा. सर्व्हरने पाठवलेलं बटण पडद्यावर आलेलं असतं, पण त्याचे हँडलर, म्हणजे क्लिकवर चालणारा कोड, अजून जोडायचे असतात, आणि ते जोडणं म्हणजेच हायड्रेशन: सरकारी कचेरीत खिडकी उघडी आणि खुर्ची रिकामी. क्लिक होतो, एरर येत नाही, घडत काहीच नाही. माणूस हळू असतो म्हणून बहुधा वाचतो. टेस्ट तत्पर असते म्हणून मरते. यावर 'स्लीप 5', म्हणजे पाच सेकंद नुसतं थांब, लिहिणारे भेटतात. त्यांची टेस्ट आज पास होते, सर्व्हर दमला की पुन्हा पडते. डेव्हलपरच्या मागे लागून हँडलर जोडून झाल्यावर पानाच्या बॉडीवर डेटा-रेडी ही खूण लावून घ्यावी आणि त्याचीच वाट पाहावी.

आणि हे सगळं निस्तरल्यावर मराठी येतं. सेंड कीज 'पुणे' अक्षरं थेट रकान्यात टाकतं. माणूस लिप्यंतराच्या कीबोर्डवर पी, यू, एन, ई दाबतो. मध्ये कंपोझिशनचे, म्हणजे शब्द अजून जुळतोय असं सांगणारे, इव्हेंट सुटतात, खऱ्या कळीऐवजी कीकोड 229 येतो, आणि शब्द पक्का करायला तो एंटर दाबतो. शोधपेटी त्या एंटरलाच हुकूम समजून अर्धवट शब्द शोधायला धावते. हँडलरमध्ये 'इझकंपोझिंग' (शब्द अजून जुळतोय का) तपासावं, आणि सफारीत कंपोझिशन आधीच संपल्याचं सांगितलं जातं, म्हणून 229 सुद्धा. टेस्टमध्ये यातलं काहीच उमटत नाही. ती हिरवीच असते.