बॉटशी खेळायला लॉगिन कशाला लागतं रे?

गेम कंपनीवाल्यांनो, जुन्या गेमचे सर्व्हर बंद केलेत, ठीक आहे. त्याचं रडून झालं. पण काल रात्री जुना शूटर (बंदुकांचा गेम हो) उघडला, एकट्याने बॉटशी, म्हणजे कॉम्प्युटरच चालवतो त्या खेळाडूंशी खेळायला, तर साहेब आधी लॉगिन मागतायत! कुठे करू लॉगिन? कुलूप लावून तुम्हीच गेलात ना? ते चाक फिरतंय, फिरतंय, मग करडी पाटी: 'सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही.' खाली दोन बटणं, 'पुन्हा प्रयत्न करा' आणि 'बाहेर पडा'. 'ऑफलाइन खेळा' असं तिसरं बटण द्यायला हात झिजले असते का? बॉट माझ्या हार्ड डिस्कवर, मॅप माझ्या हार्ड डिस्कवर, बंदुका माझ्या हार्ड डिस्कवर, आणि मला आत सोडायचं की नाही हे ठरवणार मेलेला सर्व्हर. वर 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणे. जसं काही मीच बटण नीट दाबलं नव्हतं.

वैतागून नेटची वायरच उपटली. आणि पठ्ठ्या निमूट आत गेला! म्हणजे नेट असेल तर खेळायचं नाही, नसेल तर खुशाल खेळा. आत जाऊन बघतो तर रँक शून्य. रात्ररात्र जागून मिळवलेल्या बंदुका सगळ्या सर्व्हरवर होत्या म्हणे. हातात काय, तर पिस्तूल.

१९९९ साली 'क्वेक ३ अरीना' आणि 'अनरिअल टूर्नामेंट' यांनी बॉट डब्यातच दिले होते. लॉगिन नाही, कटकट नाही. 'बॅटलफिल्ड २'मध्येही बॉट होते, पण फक्त १६ खेळाडूंच्या छोट्या मॅपवर, मोठे मॅप हवे असतील तर बसा फाइली उचकत. मग ३१ मे २०१४ ला गेमस्पाय ही ऑनलाइन खेळणाऱ्यांना जोडून देणारी सेवा बंद पडली आणि ढीगभर गेम एका दिवसात पोरके झाले. त्यातल्या कितीतरी गेमना गेमस्पाय लागायचं कशाला? तर कुठले सर्व्हर चालू आहेत त्याची यादी द्यायला. यादी! लोकांनी पत्ता बदलून स्वतःच्या याद्या उभ्या केल्या, फुकट, नोकऱ्या सांभाळून. 'बॅटलफिल्ड १९४३'ला तर तेवढंही नशीब नाही. ८ डिसेंबर २०२३ ला सर्व्हर गेले आणि मागे उरला तो ट्युटोरियल. घ्या, उडी मारायला शिका.

आणि हो, 'नवा भाग घ्या ना' म्हणणारे, तुम्ही तर बोलूच नका.

बॉटचं काय सांगू! सोप्यावर ठेवले तर दाराच्या चौकटीला नाक लावून जागच्या जागी चालत राहतात. अवघडवर ठेवले की धुरातून थेट डोक्यात गोळी. मधलं काही नाहीच. तरी मी त्यांच्याशी जीव तोडून खेळतो. स्कोअरबोर्डवर पहिला आलो की कॉलर ताठ. मॅच संपली की चॅटमध्ये 'जीजी' (गुड गेम, मस्त खेळलात) टाइप करतो, कुणासाठी ते विचारू नका. काल एका बॉटने पाठीमागून लागोपाठ मारलं तेव्हा 'कॅम्पर' (एका जागी दबा धरून बसणारा) म्हणून शिव्याही घातल्या त्याला. रिपोर्ट करायचं बटण शोधत होतो, तेही करडं पडलंय. धुरातून दिसतंच कसं त्याला? चीटर आहे तो, लिहून देतो.